पंथाचं प्रार्थनास्थळ झालेलं ओसाड अंतराळस्थानक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओस पडलेलं अंतराळस्थानक, आत वेदी, भिंतीवर खुणा आणि तिथे कधीकाळी जमणारा एक पंथ. विज्ञानकथांत आणि व्हिडिओ गेममध्ये ही कल्पना पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावरून पडणारे प्रश्नही बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जे घडलेलं आहे ते घडलं तसं सांगितलं आहे. जे अजून घडलेलं नाही, त्याबद्दल विज्ञान आणि कायदा काय सांगतो तेवढंच लिहिलं आहे.

असं स्थानक खरोखर कधी होतं का?

नाही. माणसं जाऊन राहिलेली आजवरची सगळी स्थानकं सरकारी कार्यक्रमांतून उभी राहिली: सोव्हिएत साल्यूत आणि मिर, अमेरिकेचं स्कायलॅब, आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक आणि चीनची तियांगोंग. एकही कुठल्या पंथाच्या ताब्यात गेलं नाही. मात्र या कल्पनेतला प्रत्येक भाग सुटासुटा खरा आहे. स्थानकं ओस पडली आहेत, अंतराळात उपासना झाली आहे आणि आकाशाकडे डोळे लावून बसलेले पंथ पृथ्वीवर होऊन गेले आहेत. म्हणूनच ही कल्पना इतकी पटते.

माणसं निघून गेल्यावर स्थानक आतून कसं दिसतं?

याचं सर्वांत चांगलं उत्तर साल्यूत ७ देतं. फेब्रुवारी १९८५ मध्ये या स्थानकाशी संपर्क तुटला. आत तेव्हा कुणीही नव्हतं. बॅटरी भरली की नाही हे सांगणारा एक सेन्सर बिघडला, त्यामुळे सौर पॅनेलची वीज बॅटरीपर्यंत पोहोचेना, बॅटऱ्या रिकाम्या झाल्या आणि अख्खं स्थानक थंड पडलं. जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख हे दोघं तिथे गेले. स्थानकाकडून कसलाच सिग्नल येत नव्हता, म्हणून शेवटचं अंतर त्यांनी हातातल्या लेझर मापकाने मोजलं आणि यान हाताने चालवून जोडलं.

आत मिट्ट काळोख होता. भिंतींवर हिमकण साचले होते, पाण्याचे पाइप गोठले होते. दोघं लोकरीच्या टोप्या आणि जाड कोट घालून टॉर्चच्या उजेडात काम करत होते. थंडी किती आहे हे कळावं म्हणून थुंकी भिंतीवर किती सेकंदांत गोठते ते पाहिलं गेलं. आणि त्या काळोखात टेबलावर आधीच्या तुकडीने मागे ठेवलेली बिस्किटं आणि मिठाच्या गोळ्या होत्या, कारण पाहुण्याचं स्वागत पाव आणि मीठ देऊन करायची रशियन रीत आहे. मला या सगळ्या हकिगतीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ओसाड स्थानकाचं वर्णन करताना लेखक सांगाडे आणि रक्ताचे डाग आणतात, पण खऱ्या ओसाड स्थानकात सापडलं ते पुढच्या माणसासाठी मांडून ठेवलेलं खाणं.

पुढचा त्रास वेगळाच होता. वीज परत आल्यावर बर्फ वितळला आणि पाणी सगळीकडे पसरलं. भारहीन अवस्थेत पाणी खाली वाहून जात नाही. ते भिंतींना, तारांना, यंत्रांना चिकटून बसतं. हाताशी येईल त्या कापडाने दोघांनी ते पुसून काढलं.

तिथे कुजका वास येईल का? बुरशी असेल का?

वीज पूर्ण गेली असेल तर थंडीमुळे जवळपास सगळंच थांबतं. पण वीज चालू, हवा ओलसर आणि लक्ष द्यायला माणसं कमी, असं झालं तर बुरशी हमखास येते. मिर हे स्थानक १९८६ पासून १५ वर्षं कक्षेत होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथली पॅनेलं उघडली तेव्हा मागे पाण्याचे मोठमोठे गोळे तरंगताना सापडले, त्यांतला एक जवळपास बास्केटबॉलएवढा होता. नमुने तपासल्यावर त्यांत जिवाणू, बुरशी, इतकंच काय, अगदी बारीक कोळीवर्गीय जीवही मिळाले. म्हणजे पंथाने मागे सोडलेल्या वेदीवर धूळ साचणार नाही (धूळ बसायला गुरुत्व लागतं), पण वेदीमागची भिंत हिरवी-काळी पडलेली असू शकेल.

तिथे शांतता असते का?

चालू स्थानकात कधीच नसते. पंखे आणि पंप अहोरात्र घुमत असतात. त्यामुळे पूर्ण शांतता पसरली की अंतराळवीर दचकतात, कारण त्याचा अर्थ पंखे थांबले. पंखे थांबले की हवा हलत नाही आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो. साल्यूत ७ वर सुरुवातीला हाच धोका होता. ध्यानधारणेसाठी गाढ शांतता हवी म्हणून कुणी पंखे बंद केले, तर आधी डोकं दुखू लागेल आणि नंतर शुद्ध हरपेल.

दिवे, मेणबत्त्या किंवा धूप लावता येईल का?

ज्योत पेटते, पण ती आपल्या ओळखीची ज्योत नसते. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन वर जाते, खालून ताजी हवा येते, म्हणून ज्योत उंच आणि पिवळी दिसते. भारहीन अवस्थेत वर-खालीच नसतं. ज्योत गोलसर, निळसर आणि मंद होते, ऑक्सिजन तिच्यापर्यंत हळूहळू झिरपत पोहोचतो. १९९२ मध्ये अमेरिकी शटलवर आणि १९९६ मध्ये मिरवर मेणबत्त्यांचे असे प्रयोग झाले आहेत, तेही बंद पेटीत, काटेकोर काळजी घेऊन. धुपाचा धूर वर चढणार नाही. पंख्याचा झोत असेल तिकडे तो जाईल, आणि झोत नसेल तर जागच्या जागी ढगासारखा वाढत राहील.

आग ही स्थानकातली सर्वांत मोठी भीती आहे. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी मिरवर ऑक्सिजन तयार करणारा एक डबा पेटला. त्यात लिथियम परक्लोरेट असतं, ते तापवलं की ऑक्सिजन सुटतो, आणि या डब्यांना तिथे मेणबत्तीच म्हणतात. स्थानकात तेव्हा सहा माणसं होती. परतीच्या दोन सोयुझ यानांपैकी एकाकडे जाणारी वाट ज्वाळांनी अडवली. धूर इतका दाट झाला की सगळ्यांना मास्क लावावे लागले. सुदैवाने सगळे वाचले. रोज दिवे लावून आरास करणारा पंथ अशा जागी फार काळ टिकणार नाही, हे मी ठामपणे सांगेन. कथेत ज्योत हवीच असेल तर ती एकच ठेवा, निळी ठेवा आणि तिच्याजवळ कुणीतरी जागतं ठेवा.

अंतराळात खरी उपासना कुणी केली आहे?

अनेकांनी, आणि बहुतेकांनी गाजावाजा न करता. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चे तिघे अंतराळवीर चंद्राभोवती फिरत होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या ओळी वाचल्या आणि पृथ्वीवर कोट्यवधी लोकांनी त्या ऐकल्या. सरकारी मोहिमेत धर्म आणला म्हणून अमेरिकेत खटला झाला. तो फेटाळला गेला, पण नासा सावध झाली. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यावर बझ ऑल्ड्रिनने यानातच पाव आणि वाइन घेऊन ख्रिस्ती विधी केला. तो रेडिओवरून जाहीर मात्र केला नाही.

अमेरिकी अंतराळवीर जेफ्री हॉफमनने १९९६ च्या शटलफेरीत तोराह या ज्यू धर्मग्रंथाची छोटी प्रत सोबत नेली होती. सुनीता विल्यम्सने २००६ मध्ये स्थानकावर गीता आणि गणपतीची मूर्ती नेली. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या रशियन झ्वेझ्दा विभागात मागच्या भिंतीवर ऑर्थडॉक्स संतांच्या प्रतिमा लावलेल्या असतात आणि त्याच भिंतीवर अवकाशात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन याचा फोटोही असतो. देव आणि पूर्वसुरी एकाच भिंतीवर. माणूस जिथे बराच काळ राहतो तिथे अशी एखादी भिंत तयार होतेच, असं मला वाटतं.

प्रार्थनेची दिशा आणि वेळ कशी ठरवायची?

स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे दिवसाला १६ सूर्योदय. सूर्योदयाला प्रार्थना करायचं ठरवलं तर दुसरं काही करायला वेळच उरणार नाही. मलेशियाचा शेख मुस्झाफर शुकोर ऑक्टोबर २००७ मध्ये, रमजानच्या दिवसांत, स्थानकावर गेला तेव्हा मलेशियातल्या धर्मपंडितांनी यावर रीतसर मार्गदर्शन केलं. दिवसाचे २४ तास यान जिथून उडालं तिथल्या घड्याळाप्रमाणे धरायचे. तोंड शक्य असेल तर मक्केतल्या काबाकडे करायचं, ते जमलं नाही तर काबाच्या सरळ वरच्या अवकाशाकडे, तेही नाही तर पृथ्वीकडे, आणि काहीच शक्य नसेल तर कुठेही. जमिनीवर उभं राहणं जमत नसेल तर शक्य त्या स्थितीत प्रार्थना करायची. माणसाला पेलेल असाच नियम तिथे केला गेला.

साल्यूत ७ वर अंतराळवीरांना देवदूत दिसले होते, हे खरं का?

ही कथा वर्षानुवर्षं फिरते आहे: जुलै १९८४, नारिंगी प्रकाश, पंख असलेल्या महाकाय आकृती. तिला विश्वासार्ह आधार नाही. त्या महिन्यात साल्यूत ७ वर खरोखर घडलेली मोठी गोष्ट म्हणजे स्वेतलाना सावित्स्कायाचा २५ जुलैचा अंतराळविहार. यानाबाहेर पडून काम करणारी ती पहिली स्त्री. मला तरी ही बातमी देवदूतांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी थरारक वाटते.

मात्र अंतराळवीरांना डोळे मिटल्यावरही प्रकाशाचे ठिपके आणि रेघा दिसतात, हे पूर्ण खरं आहे. अपोलोच्या काळापासून त्याच्या नोंदी आहेत. वैश्विक किरणांमधले कण डोळ्यातून आरपार जाताना हे घडतं. आता विचार करा. अंधारात बसलेले साधक, डोळे मिटलेले, आणि प्रत्येकाला मधूनच एक झळाळी दिसते. गुरूने आधीच सांगून ठेवलेलं असतं की प्रकाश दिसेल. कुणाला फसवावंही लागणार नाही. पंथाच्या श्रद्धेचा उगम दाखवायचा असेल तर एवढं एक तथ्य पुरेसं आहे.

एखादा पंथ स्थानक ताब्यात कसं घेईल?

पैसे देऊन. याला एक खरा दाखला आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये मिरवरची शेवटची नियमित तुकडी परतली आणि स्थानक रिकामं झालं. मिरकॉर्प नावाच्या खासगी कंपनीने रशियाशी करार केला, आणि एप्रिल २००० मध्ये सर्गेई झाल्योतिन आणि अलेक्झांडर कालेरी खासगी पैशाने तिथे गेले, स्थानक पुन्हा सुरू केलं आणि जूनमध्ये परत आले. रिकामं स्थानक, खासगी पैसा, पुन्हा पेटलेले दिवे हे सगळं झालेलं आहे. पुढे पैसा आटला आणि २३ मार्च २००१ रोजी मिर दक्षिण प्रशांत महासागरावर मोडून पाडण्यात आलं.

अडचण कायद्याची आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी संस्थेच्या अवकाशातल्या कामालाही कुठल्या ना कुठल्या देशाची परवानगी आणि सततची देखरेख लागते. ती संस्था काही करून बसली तर जबाबदारी त्या देशावर येते. म्हणून कथेत पंथाला स्थानक देताना परवानगी कुणी दिली आणि देखरेख करणाऱ्याने डोळेझाक का केली, हेही ठरवावं लागेल. तिथेच चांगली कथा दडलेली आहे.

अवकाशाशी जोडलेले पंथ खरोखर होते का?

होते. सर्वांत दुःखद उदाहरण हेवन्स गेटचं. मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका घरात या पंथाच्या ३९ जणांनी, त्यांच्या नेत्यासह, आयुष्य संपवलं. त्या दिवसांत आकाशात दिसणाऱ्या हेल-बॉप धूमकेतूमागे एक यान आहे आणि ते आपल्याला न्यायला आलं आहे, असा त्यांचा विश्वास होता. त्यांच्यात शिकलेली, हुशार, मनमिळाऊ माणसं होती. त्यांची टिंगल करणारे लेख पुष्कळ आहेत आणि ते वाचून माझा संताप होतो. मेलेली माणसं कुणाची तरी मुलं, भावंडं, आईबाप होती.

आणखी एक वेगळा धागाही आहे. एकोणिसाव्या शतकातला रशियन विचारवंत निकोलाय फ्योदोरोव्ह म्हणायचा की विज्ञानाने मेलेल्या सगळ्या पूर्वजांना परत उठवावं, आणि मग त्यांना राहायला इतर ग्रह लागतील. रॉकेटशास्त्राचा पाया घालणाऱ्या कॉन्स्तांतिन त्सिओल्कोव्स्कीवर या विचाराचा प्रभाव होता. अवकाशात जाण्याच्या इच्छेत श्रद्धेचा अंश पहिल्यापासून आहे.

स्थानकावरचा पंथ पृथ्वीवरच्या पंथापेक्षा जास्त धोकादायक का ठरेल?

हवेमुळे. या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे.

घातक पंथांची पद्धत सगळीकडे सारखीच दिसते: माणसाला घरच्यांपासून तोडायचं, बाहेरची बातमी आत येऊ द्यायची नाही, परतीची वाट अवघड करायची. १९७८ मध्ये गयानाच्या जंगलात जोन्सटाउनला ९०० हून अधिक माणसं मेली, त्यांत जवळपास एक तृतीयांश मुलं होती. तिथे लोकांचे पासपोर्ट काढून घेतलेले होते, भोवती जंगल होतं आणि हत्यारबंद पहारा होता. तरीही त्या दिवशी काहीजण झाडीतून निसटले आणि वाचले.

स्थानकाभोवती झाडी नाही. माणसाला दिवसाला साधारण ०.८ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो यंत्रातून येतो. यंत्राची कळ ज्याच्या हाती, त्याला बंदूक बाळगायची गरज नाही, आवाज चढवायचीही नाही. कळेकडे नुसतं पाहिलं तरी पुरे. शिवाय संदेशाची यंत्रणाही त्याच्याच हाती असू शकते. पृथ्वीवर काय चाललं आहे हे गुरू सांगेल तेच.

म्हणून आजच्या स्थानकांवर एक नियम पाळला जातो: आत जितकी माणसं, तितक्या जागा परतीच्या जोडलेल्या यानांत. तो नियम अपघातासाठी आहे, पण माणसाच्या स्वातंत्र्याचाही आधार तोच आहे. काल्पनिक असो वा उद्या खरं होणारं, कुठल्याही स्थानकाबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारेन: परवानगी न मागता तिथून कोण निघू शकतं? या प्रश्नाचं उत्तर गुरूच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर तिथली शिकवण कितीही गोड असली तरी ते तुरुंगच आहे. आणि स्थानक ओस का पडलं याचं कारणही बहुधा यानाच्या जागांतच सापडेल. किती यानं निघाली आणि किती जागा रिकाम्या गेल्या, ते मोजा.

सोडून दिल्यावर स्थानक किती वर्षं टिकेल?

खालच्या कक्षेत फार नाही. तिथेही विरळ वातावरण असतं, ते यानाला सतत मागे ओढतं आणि कक्षा खाली येत जाते. स्कायलॅबवरची शेवटची तुकडी फेब्रुवारी १९७४ मध्ये परतली. पुढे कुणी आलंच तर म्हणून त्यांनी थोडं सामान मागे ठेवलं आणि दार कुलूपबंद केलं नाही. शटल जाऊन त्याला वर ढकलेल असा बेत होता, पण सूर्याची सक्रियता वाढली, वातावरण फुगलं आणि ओढ वाढली. शटलचं पहिलं उड्डाण १९८१ मध्ये झालं, स्कायलॅब ११ जुलै १९७९ लाच कोसळलं. चीनच्या तियांगोंग १ चा संपर्क २०१६ मध्ये तुटला आणि २ एप्रिल २०१८ रोजी ते पडलं.

शेकडो वर्षं जुनं ओसाड स्थानक हवं असेल तर ते बरंच वरच्या कक्षेत ठेवा. बाहेरच्या बाजूवर कापडी पताका मात्र ठेवू नका. खालच्या कक्षेतला सुटा ऑक्सिजन अणू प्लॅस्टिक आणि कापड खाऊन टाकतो.

बेवारस स्थानकातल्या वस्तू सापडेल त्याच्या का?

नाही. समुद्रात बुडालेल्या जहाजाचे नियम इथे लागू नाहीत. यान ज्या देशाच्या नोंदीत आहे त्याचा अधिकार ते सोडून दिलं तरी कायम राहतो, मालकी आपोआप सुटत नाही. वेदीवरची एखादी मूर्ती उचलून आणली तर ती चोरीच ठरेल.

ते कुणाच्या डोक्यावर पडलं तर?

१९७२ च्या दायित्व करारानुसार ते अवकाशात पाठवणारा देश भरपाई देतो. १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला. सोव्हिएत संघाने अखेर ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. स्कायलॅबचे तुकडे ऑस्ट्रेलियात पडले, तेव्हा तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेला ४०० डॉलरचा दंड ठोठावला होता.

अशी जागा जपून ठेवता येईल का?

जमिनीवरच्या भग्न देवळाला जमीन सांभाळते. कक्षेतल्या जागेला इंधन लागतं. आंतरराष्ट्रीय स्थानक वरच्या कक्षेत नेऊन जपावं का, याचा नासाने विचार केला आणि तो पर्याय सोडून दिला. ४०० टनांहून जड वस्तू वर नेणं, आणि मग तिथल्या कचऱ्याच्या टकरीपासून वाचवणं, हे परवडणारं नव्हतं. २०३० नंतर ते समुद्रात पाडण्याचा बेत आहे आणि त्यासाठीचं खास यान बनवायचं कंत्राट २०२४ मध्ये स्पेसएक्सला मिळालं.

मग उरते ती नोंद. ॲलिस गोर्मन आणि जस्टिन वॉल्श या दोन पुरातत्त्वज्ञांनी झ्वेझ्दामधल्या त्या प्रतिमांच्या भिंतीचे अनेक वर्षांचे फोटो तपासले: कोणती प्रतिमा कधी आली, कुणाच्या शेजारी लागली, कधी हलली. २०२२ मध्ये त्यांच्या प्रयोगासाठी अंतराळवीरांनी स्थानकात सहा ठिकाणी चिकटपट्टीने एक-एक मीटरचे चौकोन आखले आणि ६० दिवस रोज त्यांचे फोटो काढले. पंथाच्या ओसाड स्थानकात शिरणारं पात्र लिहीत असाल, तर त्याला हीच पद्धत वापरू द्या. भिंतीवर चिकटपट्टीचे ठसे कुठे आहेत, वेल्क्रो कुठे झिजला आहे, हात धरायच्या कोणत्या दांड्या घासून चकचकीत झाल्या आहेत, वेदीजवळच्या की परतीच्या यानाच्या दाराजवळच्या, हे त्याने आधी पाहावं.